होडीच्या पोटात हात घालायचा तर

बाय, होडी घेतलीस ते बरं केलंस. तीस फुटी, फायबरची, जुनी पण दणकट, आत सागवानी पट्ट्यांचं चकचकीत काम. कौतुक झालं. आता पाना घे, टॉर्च घे आणि इंजिनामागच्या शाफ्टचा ग्लँड, म्हणजे शाफ्टच्या कडेने पाणी आत येऊ न देणारं पॅकिंग, कसून दाखव. कसणं राहू दे, नुसता दिसला तरी पुष्कळ. मागच्या केबिनची गादी उचलशील, फळी काढशील, खाली पाण्याची टाकी लागेल आणि ग्लँड त्या टाकीच्या पलीकडे, बोटांच्या टोकापासून वीतभर पुढे. तिथे थेंब पडतोय की धार लागलीय हे कळायला तुला डोकं खाली पाय वर करावे लागतील, आणि तेही होडी धक्क्याला बांधलेली असताना.

असं का असतं ते आधी समजून घे, म्हणजे बांधणाऱ्याला शिव्या देण्यात वेळ जाणार नाही. साच्यातून हल निघतो तेव्हा वरून सगळा उघडा असतो. इंजिन, टाक्या, नळ्या, वायरी भरउजेडात, उभ्याने बसवून होतात. त्यावर आतला लायनर आणि लाकूडकाम चढतं, आणि सर्वांत शेवटी डेकचं झाकण. बसवणाऱ्याला प्रत्येक नट हाताशी होता. वीस वर्षांनी तो नट कोण सोडवणार, हा विचार त्याच्या हिशेबात नव्हता. जुन्या मचव्या-पडावांत ही भानगडच नव्हती. आत बसलं की फळ्या, सांधे, कलाफत सगळं डोळ्यांसमोर. फायबरच्या होडीला आतून दुसरी कातडी आली आणि रोग झाकला गेला.

म्हणून तुला झडपा, म्हणजे आत हात घालायला उघडता येणारी झाकणं, कराव्या लागणार. पण सगळीकडे भोकं पाडत सुटू नकोस. माझा एकच दंडक आहे. झडपेतून हात, डोळा आणि पाना ही तिन्ही एकाच वेळी आत गेली पाहिजेत. नुसता हात गेला तर आंधळं काम, नुसता डोळा गेला तर बघत बसायचं. बाजारात प्लास्टिकच्या गोल फिरकीच्या झाकण्या मिळतात, चार, सहा, आठ इंची. चार इंची झाकणी बघण्यापुरती. त्यातून मूठ आत जाते, पण पान्यासकट बाहेर येताना अडकते. सहा इंचांत एक हात काम करतो, पण मग डोळ्याला वाट उरत नाही. दोन्ही हात लागणाऱ्या कामाला मी फूटभर लांब आणि दहा इंच रुंदीच्या आत जात नाही. जागाच नसेल तर शेजारी शेजारी दोन झडपा, एक हाताला, एक टॉर्चला.

माप कागदावर ठरवू नकोस. पुठ्ठ्याला हव्या त्या मापाचं भोक पाड, पुठ्ठा जागेवर धर आणि त्यातून पान्यासकट हात घालून बघ. पाना किती फिरतो ते महत्त्वाचं. सहाकोनी नटाला उघड्या तोंडाचा पाना आलटूनपालटून उलटा लावला तर तीस अंश फिरायला मिळालं तरी भागतं, त्याहून कमी असेल तर भोक सरकव. आणि जी वस्तू आत आहे ती कधीतरी बाहेर काढावी लागणार हे विसरू नकोस. बिल्ज पंप बदलताना नळी सुटली, स्क्रू निघाले आणि पंपच दारातून बाहेर येत नाही, असं काम मी पुष्कळांचं निस्तरलंय.

आता आधी कुठे? बहुतेक जण सोपं म्हणून कपाटाच्या मागून सुरुवात करतात. तू सुकाणूपासून कर. चाकाच्या होडीत चाकाखालून दोन केबल निघतात, पुल्यांवरून वळतात आणि सुकाणूच्या दांड्यावरच्या क्वाड्रंटला जाऊन मिळतात. यातलं निम्मं अंतर तुला दिसतच नाही. केबलची एकेक तार तुटत जाते. त्यासाठी जुनी चिंधी केबलवरून ओढायची, तुटलेलं टोक चिंधीला अडकतं. मोकळी बोटं कधी फिरवू नकोस, सुईसारखी घुसतात. पण चिंधी फिरवायलासुद्धा हात पोचायला हवा ना! आपल्या नौदलाच्या सहा मुली तारिणी नावाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करत होत्या. 2018 साली परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून त्यांना मॉरिशसला पोर्ट लुईसकडे वळावं लागलं. गोव्यात बांधलेली उत्तम होडी, तयारीची माणसं, तरी सुकाणू काय करू शकतं बघ. तुझ्याकडे आणीबाणीचा टिलर असेलच. तो दांड्यावर कुठून बसतो, मधे काय आडवं येतं, ते आजच बसवून बघ.

दुसरा नंबर सीकॉकचा, म्हणजे हलला आरपार जिथे जिथे भोक आहे तिथला बंद-चालू करायचा नळ. त्याची मूठ पूर्ण नव्वद अंश फिरली पाहिजे, अर्धी फिरून कपाटाच्या फळीला टेकता कामा नये. नळीवरचे क्लँप दिसले पाहिजेत, कारण गंज बहुधा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने सुरू होतो. झडप केलीस की तिथेच लाकडाची निमुळती खुंटी सुतळीने बांधून ठेव. नळ तुटला तर ती ठोकायची. रात्री शोधत बसायला वेळ नसतो.

तिसरं चेनप्लेट. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या डेकमधून खाली येतात आणि कपाटामागे गुप्त होतात. लोक म्हणतात स्टेनलेस आहे, काय होणार! स्टेनलेस हवा लागते तोवर टिकतं. ओल्या, बंद फटीत हवा मिळाली नाही की आतून किडतं, वरून जेमतेम तपकिरी डाग दिसतो. डेकमधून पट्टी जिथे खाली उतरते नेमकी तिथेच ही कीड लागते. पट्टी तुटली की डोलकाठी गेली. या तिन्हींनंतर इंजिनाचा पाण्याचा पंप. त्याचं तोंड बहुतेक होड्यांत भिंतीकडे असतं, इंपेलर बदलायचा तर समोरून सरळ वाट हवी. त्याच्या झाकणाचे बारके स्क्रू हटकून बिल्जमध्ये पडतात, म्हणून खाली कडा असलेला ट्रे सरकवता येईल एवढी जागा त्या झडपेत ठेव.

कुठे कापायचं नाही हे कुठे कापायचं यापेक्षा मोठं आहे. डोलकाठीच्या खालचा खांब आणि तिच्या जवळची आडवी भिंत, चेनप्लेट ज्या भिंतीला धरलीय ती भिंत, कीलच्या बोल्टांवरचे तळातले आडवे पाट, हलच्या लांबीने जाणाऱ्या फायबरच्या उभारलेल्या कण्या, यांना करवत लावायची नाही. काही होड्यांत आतला लायनर म्हणजे नुसती सजावट नसते, तो हलला चिकटवलेला सांगाडाच असतो. बोटांनी टकटक करून बघ. पोकळ आवाज आला तर मागे मोकळी जागा, भरीव आवाज आला तर तिथे काहीतरी भार घेतंय. पलंगाची उभी फळी साधी वाटते, पण ती जर फायबरच्या पट्टीने हलला जोडलेली असेल तर हल वळू नये म्हणून ती उभी आहे. तिच्यात भोक पाडता येतं, फक्त ते मधोमध पाड, वर-खाली रुंद पट्टा सोड आणि ती फायबरची पट्टी अजिबात तोडू नकोस. शंका आली तर न कापता परत ये. नाळेजवळ पाणी अडवणारी बंद भिंत असेल तर तिथे साधी झडप चालत नाही, गास्केट लावून चहूबाजूंनी बोल्ट कसलेलं झाकणच हवं, नाहीतर ती भिंत असून नसल्यासारखी.

जागा ठरली की बॅटरीचा मुख्य स्विच बंद कर आणि धक्क्यावरून येणारी वीज काढ. नुसता स्विच नाही, प्लग उपटून ठेव. मग जो तुकडा कापून निघणार त्याच्या मधोमध सहा मिलिमीटरचं भोक पाड. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोलीची खूण कर, म्हणजे पातं लायनर भेदून पुढे हलमध्ये घुसणार नाही. या भोकातून काटकोनात वाकवलेली तार आत सोड आणि सावकाश गोल फिरव. तार कुठे अडली तर तिथे नळी किंवा वायर आहे. किती अंतरावर अडली ते बाहेर पेन्सिलीने मांड. आता फोनला लावायचे बारीक कॅमेरे मिळतात, ते स्वस्त आहेत आणि कामाचे आहेत, जरूर घे. पण तार आधी फिरव. कॅमेरा समोरचं दाखवतो, बाजूला चिकटून गेलेली वायर त्याला चुकते.

कापायची रेषा मास्किंग टेपवर आखायची, लाकडावर नाही. टेपमुळे रेषा दिसते आणि वरचा पातळ पापुद्राही उडत नाही. चार कोपऱ्यांत आधी दोन इंची होल-सॉने गोल भोकं पाड, मग ती सरळ रेषांनी जोड. टोकदार कोपरा ठेवला तर होडी लाटेवर पिळवटताना तिथूनच चीर सुरू होते. गोल कोपरा म्हणजे शोभा नव्हे. जिगसॉचा मोह सोड. तिचं पातं दोन-तीन इंच आत जाऊन खालीवर नाचतं, आत काय आहे ते बघत नाही. थरथरणारं मल्टिटूल हळू चालतं, हात दुखतो, पण जेवढं दाबशील तेवढंच आत जातं. त्याचं पातं बारीक असल्यामुळे आणखी एक सोय होते. कोपरे होल-सॉऐवजी त्यानेच गोल कापलेस तर कापलेला तुकडाच झाकण म्हणून वापरता येतो आणि लाकडाच्या रेघा जुळून येतात. फक्त ते मधलं भोक नीट बुजव, नाहीतर बोट घालायला तेच मोठं कर.

फायबरची धूळ हलक्यात घेऊ नकोस. पूर्ण बाहीचा शर्ट, मास्क, चष्मा, आणि कापताना शेजारी कुणाला तरी व्हॅक्यूमची नळी धरून बसव. अंगाला लागली तर आधी थंड पाण्याने धू. गरम पाण्याने त्वचेची छिद्रं मोकळी होतात आणि ते काटे आणखी बसतात असं आम्ही मानतो. खरं-खोटं असो, गार पाण्याने खाज लवकर जाते. गाद्या, पडदे आधी बाहेर काढ. एकदा गादीत बसलेली फायबरची धूळ कायमची राहते.

तुकडा निघाला की काम संपलं असं समजणाऱ्यांच्या झडपा मी लांबून ओळखतो. कड उघडी, कुठे कुसळं निघालेली, दोन पावसाळ्यांत प्लाय फुललेला. कापलेली कड म्हणजे उघडी जखम. तिला पातळ इपॉक्सीचे तीन हात दे. मधे गाभा असलेली फळी असेल, म्हणजे दोन फायबरच्या थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम, तर कडेचा गाभा पाव-अर्धा इंच खरवडून काढ आणि त्या खाचेत घट्ट केलेला इपॉक्सी भर. बाल्सा एकदा पाणी प्यायला लागला की पिऊन पिऊन कुजतो.

मग मागची चौकट. हिच्याशिवाय मी झडप देत नाही. भोकापेक्षा सगळीकडून इंचभर मोठी, मधून कापलेली प्लायची चौकट मागच्या बाजूने चिकटवायची, निम्मी लाकडामागे आणि निम्मी भोकात डोकावणारी. कापून गेलेली ताकद ती परत देते आणि झाकणाला टेकायला कडही मिळते. आता भोकापेक्षा मोठी चौकट भोकातून आत कशी जाणार? लांबट भोक असेल तर तिरपी करून जाते. गोल असेल तर तिचे दोन अर्धे करून आत सोड, सांधे वेगवेगळ्या जागी येतील असा दुसरा थर दे. आत सोडण्याआधी प्रत्येक अर्ध्याला दोन सुतळ्या बांध, नाहीतर हातातून सुटून ती हलच्या वाकणात जाऊन बसते आणि मग तिला शोधायला दुसरी झडप करावी लागते. इपॉक्सी लावून सुतळीने ओढ, बाहेरून तात्पुरते स्क्रू मारून कस, सुकलं की स्क्रू काढून भोकं बुजव.

प्लाय घेताना दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणेल. त्याला विचार 710 आहे का? मरीन प्लायसाठी आपल्याकडचं मानक आयएस 710, आणि तो आकडा शिक्क्यात फळीवरच छापलेला असतो. 303 चा शिक्का असलेली फळी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली चालेल, होडीत नको. स्क्रू 316 चेच घे. 304 खाऱ्या हवेत चहाच्या रंगाचे डाग सोडतात.

झाकण बंद कशाने करायचं यावर मालक लोक फार हौस करतात. लोहचुंबकाचे खटके स्वस्त, झटपट, दिसायला सुबक. होकायंत्राच्या आसपास ते अजिबात नकोत, आणि ऑटोपायलटचा होकायंत्र-सेन्सर कुठल्या तरी पलंगाखाली लपवलेला असतो, तो आधी शोध. त्याच्या शेजारी चुंबक बसला तर ऑटोपायलट तुला भलतीकडे नेईल आणि तू वाऱ्याला दोष देशील. बोट घालून आतला खटका उघडायचा ती पद्धतही मला आवडत नाही. बोट आत असताना होडी कलली की बोट मोडतं. माझी पसंती साधी आहे. खाली चौकटीला खाच, तिच्यात झाकण वरून सरकवून बसवायचं, वर लाकडाच्या दोन फिरत्या खिट्या. झाकण डोळे मिटून काढता येतं आणि होडी आडवी झाली तरी सुटत नाही. पायाखालच्या फळ्यांना मात्र पक्की कडी हवीच. खाली बॅटऱ्या असतात, होडी उलटली तर त्या तुझ्या डोक्यावर येतील. स्क्रूनेच बंद करायचं असेल तर सगळे स्क्रू एकाच डोक्याचे, एकाच लांबीचे ठेव आणि चारपेक्षा जास्त नकोत. सोळा स्क्रूंची झडप कुणी उघडत नाही.

इंजिनाच्या खोलीचा न्याय वेगळा. तिथल्या झाकणाला गास्केट आणि आवाज शोषणारं अस्तर हवं, धूर झोपायच्या खोलीत येता कामा नये. शिवाय अग्निशामकाचं तोंड आत घालता येईल असं छोटं भोक, त्यावर सरकतं झाकण. आग लागली तर दार उघडायचं नाही. दार उघडलं की आगीला हवा मिळते. उलट कपाटं, चेनप्लेट, कपड्यांचे कप्पे इथे हवा खेळायला हवी. आपल्या दमट हवेत बंद पोकळीत महिन्याभरात बुरशी धरते. अशा जागी सागवानी चौकटीत वेताची जाळी बसव. वजन कमी, हवा मोकळी, आणि आतून पाणी ठिबकतंय ते दिसतंही.

छताच्या अस्तराबद्दल थोडक्यात. विंच, क्लीट, कठड्याचे खांब यांचे नट त्याच्या वर असतात, आणि डेकमधून होणारी गळती बहुधा तिथूनच. अस्तर फाडू नकोस. पट्ट्यांमध्ये विभागून एकेक फळी काढता-घालता येईल असं वेल्क्रोवर बसव. वेल्क्रो नुसता चिकटवलेला ऊन लागून सुटतो, म्हणून स्टेपलही मार.

डिझेलच्या टाकीला तपासणीचं भोक करणार असशील तर आत आडवे पडदे असतात हे लक्षात ठेव. एका भोकातून एकच कप्पा साफ होतो, प्रत्येक कप्प्याला वेगळं भोक लागतं. टाकी रिकामी, धुतलेली आणि हवेशीर झाल्याशिवाय कापायची नाही. होल-सॉला ग्रीस फास, म्हणजे धातूचा कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. झाकणाखाली नायट्राइल रबराचं गास्केट, सिलिकॉन डिझेलला टिकत नाही. पेट्रोलची टाकी असेल तर तिला हातच लावू नकोस, ती काढून कारागिराकडे दे.

सगळं झालं की प्रत्येक झाकणाच्या आतल्या अंगावर मार्करने लिही. मागे काय आहे, किती नंबरचा पाना लागतो, शेवटचं कधी उघडलं. कापण्याआधी आणि नंतर आतले फोटो काढ, शेजारी फूटपट्टी धरून. होडीचा एक साधा नकाशा काढून त्यावर झडपांचे नंबर टाक आणि चार्ट-टेबलात चिकटव. तू झोपलेली असताना दुसऱ्या कुणाला तरी सीकॉक शोधावा लागेल, त्याच्यासाठी तो आहे.

आणि हो, सुकाणूची आणि ग्लँडची झडप मे संपायच्या आत उरक, बाकीच्या दिवाळीनंतर केल्यास तरी चालेल. पावसाळी हवेत इपॉक्सीवर तेलकट पापुद्रा येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय वरचा हात धरत नाही.